डावी बाजू बाबांची

इस्रायल आळी, पनवेल
११ फेब्रुवारी १९६२

प्रिय मझल,

तुझं पत्र काल मिळालं. लंडनच्या मासिकातलं माझं चित्र तिथे इस्रायलमध्ये धर्मगुरूंच्या कचेरीत कोणीतरी तुझ्या लग्नाच्या अर्जाला टाचून ठेवलं आहे आणि ते काय आहे याचा खुलासा तुला करायचा आहे. म्हणून घडलं ते क्रमाने लिहिते.

१. सुमारे पन्नास वर्षांपूर्वी एका इंग्रज अधिकाऱ्याने कुलाबा जिल्ह्यातल्या लोकांचे जातवार फोटो काढले. माणसाला चौकोन आखलेल्या फळ्यासमोर बसवायचं, एक फोटो समोरून, एक बाजूने. खाली नाव नाही, फक्त जात.

२. मुंबईला फोटोग्राफीचा डिप्लोमा करताना त्या फोटोंचं पुस्तक माझ्या हाती आलं. 'देशी ज्यू, तेली' असं खाली लिहिलेला माणूस आपले आजोबा आहेत. घरातल्या तसबिरीवरून ओळखले. पुढच्याच पानावर 'आगरी, मिठागरावरचा मजूर' आहे.

३. पनवेलला स्टुडिओ उघडल्यावर, १९६० साली, मी तसाच फळा करून घेतला.

४. त्यासमोर बाबांना बसवलं. त्या पुस्तकात सगळ्यांची पागोटी उतरवलेली आहेत, म्हणून मीही टोपी आणि चष्मा काढायला लावला. शनिवार होता, काम न करण्याचा दिवस. बाबा म्हणाले, "मी नुसता बसलोय. काम तू करतेयस, पाप तुझं."

५. नंतर काशीरामकाकांना बसवलं. बाबा दवाखान्यात कंपाउंडर होते तेव्हा मिठाने फाटलेले पाय घेऊन येणारे, आणि पाय बरे झाले तरी यायचे न थांबलेले.

६. दोन्ही निगेटिव्ह नाकाच्या रेषेवर अर्ध्या झाकून एकाच कागदावर छापल्या. डावी बाजू बाबांची, उजवी काशीरामकाकांची. सांधा दिसत नाही. चित्राला नाव दिलं 'कुलाबा जिल्हा, १९६०'.

७. ते मुंबईच्या प्रदर्शनात लागलं, तिथून लंडनच्या मासिकाने घेतलं. खाली त्यांनी स्वतःचं वाक्य घातलं: 'ही फोटोग्राफर स्वतः देशी ज्यू असून आपले लोक आणि शेजारचे शेतकरी यांत काहीच फरक नसल्याचं ती मान्य करते.' मी असं म्हटलेलं नाही. मला कोणी विचारलं नाही.

मला एवढंच दाखवायचं होतं की त्या फळ्याला चौकोन मोजता येतात, माणूस मोजता येत नाही. तू हे त्यांना हिब्रूत सांगू शकशील.

बाबांना यातलं काही कळवलेलं नाही. तूही त्यांच्या पत्रात लिहू नकोस.

तुझी,
लीया

*

बेरशेबा
२३ फेब्रुवारी १९६२

प्रिय लीयाताई,

शालोम. तुझे सात मुद्दे मी तीनदा वाचले. परीक्षेत पहिली आली असतीस. पण ताई, इथे परीक्षा माझी चालली आहे.

कचेरीतल्या साहेबाला मी तुझं ते चौकोनांचं आणि माणसांचं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "छान. म्हणजे तुमच्या बहिणीचं म्हणणं असं, की तुम्ही कोण हे चेहऱ्यावरून सांगता येत नाही. मग कशावरून सांगायचं?" मी म्हटलं, आमच्या घरी सातव्या दिवशी चूल पेटत नाही, मुलांची आठव्या दिवशी सुंता होते, माझे वडील पनवेलच्या सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवतात. त्यावर तो मासिकाच्या पानावर बोट आपटत म्हणाला, "हे तुमचे वडील?" मी म्हटलं, "अर्धे." तो हसला, आणि शेजारी बसलेली एझ्राची आई, माझी होणारी सासू, तीही हसली. तेव्हापासून त्यांच्या घरात माझं नावच 'अर्धी' पडलंय. थट्टेनेच म्हणतात. बगदादहून आलेल्या माणसांना थट्टा फार आवडते.

आणि एझ्रा, ज्याच्याशी माझं लग्न व्हायचंय? तो बाहेर जाऊन सिगारेट ओढतो.

आपल्या इतर लोकांनाही इथे हेच विचारतात: आजी कोण, पणजी कोण, कोणी बाहेरची बायको केली का. त्यांच्या अर्जाला निदान चित्र जोडलेलं नाही. ते मी इथे घेऊन आले, तुझ्या कृपेने.

मला एक कागद हवाय. त्यावर लिही, की हे चित्र म्हणजे फोटोतली हातचलाखी आहे आणि त्यात बाबांचा चेहरा नाही. मुंबईतला कोणी भाडोत्री माणूस होता म्हण. दोन ओळींचं काम. त्याने कोणाचं काय बिघडणार?

तुझी,
मझल

*

पनवेल
५ मार्च १९६२

प्रिय मझल,

चित्रात बाबांचा चेहरा नाही असं मी लिहू शकत नाही. तो आहे.

त्याऐवजी दुसरा उपाय करते आहे. सोबत दोन फोटो पाठवले आहेत. चित्र जोडण्यापूर्वीचे हे दोन अर्धे चेहरे, त्याच मापात छापलेले. मासिकातल्या पानाशेजारी ठेवले तर कोणता भाग कुठून आला ते स्पष्ट होईल, आणि माणसं दोन आहेत हेही. समोरच्या बाजूला मी काही लिहिलेलं नाही. त्या इंग्रजासारखं माणसाच्या हनुवटीखाली लिहिणं मला जमणार नाही. नावं मागे पेन्सिलीने आहेत.

काशीरामकाका काल आले होते. मासिक पाहून बाबांना म्हणाले, "आयझॅकशेट, माजं अर्दं थोबाड इलायतेला जाऊन आलं. उरलेलं अर्दं कवा जानार?" बाबा म्हणाले, "उरलेलं कोण ठेवून घेणार? मिठाने खारलेलं ते." दोघं बराच वेळ हसत होते. तुझ्या अर्जाचं दोघांनाही माहीत नाही.

खोट्या कागदापेक्षा खऱ्या फोटोंचा उपयोग जास्त होईल असं मला वाटतं.

तुझी,
लीया

*

बेरशेबा
२० मार्च १९६२

लीयाताई,

तुझे फोटो पोचले. उपयोग झाला. कसा झाला ते सांगते.

साहेबाने दोन्ही अर्धे चेहरे टेबलावर ठेवले. मध्ये वीतभर जागा सोडली. म्हणाला, "यांतले तुमचे वडील कोणते?"

ताई, मी बाबांना बिनचष्म्याचं कधी पाहिलंय? टोपी नाही, चष्मा नाही, हसू नाही, मागे ते तुझे चौकोन. एक डोळा, अर्धं नाक, अर्धं तोंड. 'डावी बाजू बाबांची' हे तुझं वाक्य आठवलं, पण डावी बघणाऱ्याची की बाबांची, ते कळेना. एका बाजूला साहेब, एका बाजूला एझ्राची आई. मला वाटलं थांबले तर ते म्हणतील हिला बापही ओळखता येत नाही. म्हणून पटकन बोट ठेवलं.

त्याने तो फोटो उलटा केला. मागे तुझं सुबक मराठी. त्याला वाचता येईना, म्हणून मलाच म्हणाला, वाचा.

मी 'आयझॅक' म्हणू शकले असते. त्याला कुठे मराठी येतंय? पण मी फोटो न वाचताच खाली ठेवला आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. मग दोन्ही फोटो नीट एकत्र केले, टाचणी मारली आणि म्हणाला, "बहिणीला सांगा, तिचं चित्र फार चांगलं आहे."

ऐकलंस? तुझं खरं ठरलं. पोटच्या पोरीलाही फरक सांगता आला नाही. तुझ्या फळ्यापुढे मी हरले.

आणि बाबांचं पत्र आलं. किती आनंदाने लिहिलंय! "लीयाला लंडनहून बोलावणं आलं आहे. इंग्रजाचं ते जुनं पुस्तक एका भिंतीवर आणि आपल्या लीयाची चित्रं समोरच्या भिंतीवर, सप्टेंबरमध्ये." चार पानांत मला एवढी सगळी तंत्रं समजावलीस, हे मात्र लिहायचं राहून गेलं? म्हणून लिहवत नाही तुला, की चित्र खोटं आहे!

साहेब म्हणतो, अजूनही चालेल. दोन अटी. तू लिहून द्यायचं की डावी बाजू वडिलांची नाही, आणि त्या मासिकालाही तसंच कळवायचं. उजव्या बाजूच्या माणसाचा अंगठा साक्षीला. पेसाहच्या सणाआधी हवं. पेसाह लागला की पुढे कित्येक आठवडे लग्नं नसतात, आणि एझ्राची आई तोवर थांबणार नाही. तिने दुसरी मुलगी बघून ठेवली आहे. हे मी आधी लिहिलं नव्हतं. तू एकटीच लपवतेस असं नाही.

मझल

*

पनवेल
७ एप्रिल १९६२

प्रिय मझल,

तू मागितलेला कागद सोबत आहे. आठ दिवस विचार केला.

त्यात लिहिलं आहे: चित्राची डावी बाजू मुंबईतल्या एका भाडोत्री माणसाची असून तो माझा वडील नाही, माझ्या नात्यातला नाही आणि माझ्या समाजातलाही नाही. मासिकाला हाच मजकूर गेल्या मंगळवारी तारेने पाठवला. लंडनच्या प्रदर्शनवाल्यांनाही पाठवला. मासिकात छापून आल्यावर त्यांना कळणारच होतं. त्यांची तार काल आली. चित्रांतली माणसं कोण याबद्दल फोटोग्राफरच खात्री देऊ शकत नसेल तर एकही चित्र लावता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं आहे. त्यांच्या जागी मीही तेच म्हटलं असतं.

लंडनचं तुला लिहिलं नव्हतं, कारण ते नक्की नव्हतं. आता ते नाही, हे नक्की आहे.

अंगठ्यासाठी काशीरामकाकांना स्टुडिओत बोलावलं. मजकूर वाचून दाखवला. त्यांनी पुन्हा वाचायला लावला.

"म्हंजे माजा अर्दा खरा," ते म्हणाले, "नि तुज्या बापसाचा खोटा?"

"हो."

"मंग उलटं लिव की. काशीराम खोटा हाय असं लिव. माजं काय जातंय? मला कोन इचारतंय?"

"उलटं चालत नाही, काका. मझलचं लग्न अडलंय."

ते फळ्यासमोरच्या स्टुलावर बसले. बसल्यावर त्यांनी टोपी काढली. फोटो काढायचा नाही हे मी त्यांना सांगितलं.

"आयझॅकशेटला म्हाईत हाय?"

"नाही."

"मंग मी बी इथं आलोच नाय. कुटं उठवू अंगठा?"

अंगठा स्पष्ट उठला नाही. मिठागरावर राबून त्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या आहेत. दुसऱ्यांदा घ्यावा लागला. त्यामुळे कागदावर दोन ठसे आहेत. त्यांनी विचारलं तर कारण सांग.

पोचल्याबरोबर कळव.

लीया

*

बेरशेबा
२ मे १९६२

प्रिय ताई,

तुझा कागद २३ एप्रिलला मिळाला. पेसाह तेव्हा संपत आला होता.

ताई, मी थांबले नाही. रोज टपाल बघत होते. एप्रिलचा पहिला आठवडा गेला, काही आलं नाही. तू नाही म्हणालीस असंच मी धरलं. तू आधीही नाहीच म्हणाली होतीस. ८ तारखेला मी कचेरीवाल्यांचं ऐकलं. ११ तारखेला लग्न झालं.

ऐकलं म्हणजे काय, ते तुलाच सांगू शकते. जी मुळात यहुदी नव्हती तिला करून घेतात, तसं मला करून घेतलं. एका बाईने माझी नखं कापली, केस विंचरले, आणि मला पाण्यात उतरवलं. पडद्यापलीकडे तीन पुरुष साक्षीला उभे होते. डोक्यावरून पाणी जाईपर्यंत बुडायचं. पहिल्यांदा केसांची एक बट वर तरंगली, म्हणून पुन्हा. मी लहानपणी बाबांच्या मांडीवर म्हटलेलीच प्रार्थना मला शब्द शब्द सांगून म्हणायला लावली. मी ती अडखळत म्हटली. मला येते हे त्यांना दिसलं असतं तर ते विचारात पडले असते, आणि त्यांनी विचारात पडू नये एवढंच मला हवं होतं.

वर आले तेव्हा बाई म्हणाली, "आज जन्मलीस." खरंच तसंच धरतात. अशा माणसाला आधीचे आईबाप नसतात. लग्नात भर मांडवात करार वाचला: मझल, आपला पिता अब्राहाम याची मुलगी. आयझॅक कुठे नाही. सगळे 'आमेन' म्हणाले. मीही म्हणाले.

तुझा कागद मी तरीही नेऊन दिला. वाटलं, आता तरी दुरुस्त करतील. साहेबाने भाषांतर करून घेतलं आणि म्हणाला, "हे बरं झालं. बहिणीनेही लिहून दिलं की तो तुमचा वडील नाही. आता कुठेच विसंगती नाही." आणि फाईल बांधली.

एझ्रा चांगला आहे. आता कोणी 'अर्धी' म्हणत नाही.

एक विनंती आहे. जानेवारीत मी बाबांना लिहिलं होतं की लग्न झालं की इकडेच या, माझ्याजवळ राहा. त्यांना थांबव. काहीही कारण सांग. इथे आले की कचेरीत विचारतील, तुमचं इथे कोण. ते माझं नाव सांगतील.

त्यांना हे कळू देऊ नकोस, ताई. मी त्यांना फक्त लग्नाचा फोटो पाठवला आहे.

तुझी,
मझल

*

पनवेल
२८ मे १९६२

प्रिय मझल,

तुझं पत्र १२ मे रोजी मिळालं. उत्तराला उशीर झाला, कारण बाबांना थांबवण्याचा प्रयत्न आधी करून पाहायचा होता. तो मी चार प्रकारे केला.

तिथल्या उन्हाचं सांगितलं. ते म्हणाले, पनवेलचं ऊन काय सावलीत वाढलंय? तब्येतीचं सांगितलं. म्हणाले, आयुष्यभर दुसऱ्यांना औषधं दिली, स्वतःची पुडी बांधता येते. मी एकटी राहीन असं सांगितलं. त्यावर ते म्हणाले, "तू एकटी राहू शकतेस, लीया. ती नाही राहू शकत." शेवटी म्हटलं, मझलचं नवं लग्न आहे, वर्षभर जाऊ दे. ते म्हणाले, "तिनेच बोलावलंय." आणि तुझं जानेवारीतलं पत्र मला वाचून दाखवलं.

तुझा लग्नाचा फोटो त्यांनी आळीत घरोघर नेला. करारावर त्यांचं नाव कोणत्या अक्षरात लिहिलंय ते पाहायचं आहे म्हणतात. तिथे गेल्यावर तू दाखवशील असं धरून आहेत. सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवायचं काम त्यांनी सोडून दिलं आहे. गेल्या शनिवारी शेवटची चालवली. काशीरामकाका बाहेरच्या पायरीवर बसून होते. बाबा बाहेर आल्यावर त्यांना म्हणाले, "चल माझ्याबरोबर. आपल्याला वेगळं कोण ओळखतंय?" काका हसले नाहीत. ते माझ्याकडे पाहत होते. गेल्या दोन महिन्यांत ते स्टुडिओत आलेले नाहीत.

फळा मी मोडला. लाकूड चांगलं होतं, त्याचं पासपोर्टच्या फोटोंसाठी मागचं टेकण केलं. सध्या तेवढंच काम आहे, आणि ते पुष्कळ आहे. आळीतल्या निम्म्या घरांनी इस्रायलला जायचं ठरवलं आहे. आईबाप, मुलं, एकामागून एक येऊन बसतात. मी त्यांना हलू नका सांगते. दुसरं काही सांगत नाही. काय सांगायचं ते मला माहीत आहे आणि मी ते सांगत नाही, ही गोष्ट तुला कळवून ठेवते.

तू विचारलं नाहीस, तरी लिहिते. कागद लिहिताना 'तो माझा वडील नाही' एवढंच पुरेसं होतं. नात्यातला नाही, समाजातला नाही, हे मी मजकूर पक्का व्हावा म्हणून घातलं. तो पक्का झाला.

आता निर्णय घ्यावा लागेल अशी गोष्ट. २५ जूनला, सोमवारी, बाबांना मुंबईला कायमच्या स्थलांतराच्या कागदांवर सही करायची आहे. सही झाली की इथलं घर सोडावं लागेल आणि परत यायचं ठरवलं तरी सोपं राहणार नाही. अर्जात 'तिथले नातेवाईक' या रकान्यात त्यांनी तुझं नाव लिहिलं आहे. पुढे 'मुलगी' असं लिहून खाली रेघ मारली आहे.

तीनच मार्ग मला दिसतात. सहीच्या आधी मी त्यांना इथे सगळं सांगायचं, माझ्या कागदासकट. किंवा तू स्वतः त्यांना लिहायचंस. किंवा दोघींनी गप्प राहायचं आणि त्यांनी ते त्या कचेरीत, अनोळखी माणसाच्या तोंडून, टेबलापलीकडून ऐकायचं. चौथा मार्ग असेल तर मला सुचलेला नाही.

यांपैकी कोणता, ते मी एकटी ठरवणार नाही. मागच्या वेळी मी एकटीने आठ दिवस विचार केला होता.

तुझं उत्तर १५ जूनपर्यंत माझ्या हातात पडेल अशा बेताने टाक.

लीया